त्रिनिदाद-टोबॅगो : आई-बाबांना घेऊन आठ दिवस, माहिती हवी आहे

केतकी_एडिसन

मंडळी, नमस्कार. आई-बाबा पुण्याहून आलेत, मे महिन्यापर्यंत आमच्याकडे न्यू जर्सीत एडिसनला आहेत. नायगारा झाला, वॉशिंग्टन झालं, आता "मला परत त्या मॉलमध्ये नेऊ नका" इथपर्यंत बाबा आलेत. मार्चमध्ये मला आठ दिवस सुट्टी आहे. नवऱ्यानं कॅनकूनचं पॅकेज जवळजवळ पक्कं केलं होतं, तेवढ्यात बाबांनी जेवता जेवता विचारलं, "इथून पोर्ट ऑफ स्पेन किती लांब गं?" म्हणजे त्रिनिदादची राजधानी. १९७१ साली गावसकर तिथे खेळला तेव्हा ते शाळेत होते, सकाळचा पेपर आला की आधी मागचं पान. ते क्रिकेटचं मैदान एकदा बघायचं म्हणतात. आणि आईला तिच्या भजनी मंडळाच्या ग्रूपवर कुणीतरी तिथल्या दत्तमंदिराचा व्हिडिओ पाठवलाय. म्हणजे दोन विरुद्ध एक, कॅनकून बाद.

आता प्रश्न. दोघांचे पासपोर्ट भारतीय, अमेरिकेचा बी-२ (पर्यटक) व्हिसा मल्टिपल एंट्रीचा. त्रिनिदादचा वेगळा व्हिसा लागेल का? तिकडे गुन्हेगारी फार आहे म्हणतात, ज्येष्ठांना घेऊन जाण्यासारखं आहे का? आई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. बाबांचे गुडघे बेताचे. टोबॅगोला जावं की त्रिनिदादच नीट बघावं? जाऊन आलेल्यांनी लिहा.

बोरूबहाद्दर

जाऊन आलेलो नाही, पण कॅनकूनलाच जा असं म्हणेन. त्रिनिदादचा समुद्र निळा नाही. समोर ओरिनोको नदी व्हेनेझुएलातून गाळ आणून ओतते, दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्याला पाणी गढूळच. कॅरिबियन म्हणून जाल आणि अलिबाग बघून याल.

लिसासवाला

बोरूबहाद्दर, गाळाचं बरोबर आहे, पण उत्तर किनाऱ्याला हे लागू नाही आणि टोबॅगोला तर नाहीच. शिवाय काका-काकू पोहायला चाललेले नाहीत.

मी पॉईंट लिसासला मिथेनॉल प्लँटवर साडेतीन वर्षं काढली, कूव्हाला राहत होतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे व्हिसा. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. इमिग्रेशनला परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता विचारतात. "हॉटेल आहे कुठलंतरी, फोनमध्ये बुकिंग आहे" असलं उत्तर चालत नाही, पत्ता कागदावर लिहून हातात ठेवा. खरी काळजी परतताना घ्यायची. बी-२ वर पुन्हा अमेरिकेत शिरताना अधिकारी नव्याने सहा महिने देईलच असं धरून चालू नका. आई-बाबांचं मेचं भारताचं तिकीट बरोबर ठेवा, विचारलं तर दाखवता येतं. आणि परत आल्यावर आय-९४ वरची (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल ती) तारीख ऑनलाइन बघून घ्या, ती न बघता लोक फसतात.

न्यूयॉर्कहून थेट विमान आहे, साधारण पाच तास. विमानतळ पियार्कोला, शहराच्या पूर्वेला, अर्धा-पाऊण तास. पण संध्याकाळी चर्चिल-रूझवेल्ट हायवेवर अडकलात तर दीड तास धरा. शक्यतो दुपारी उतरणारं विमान घ्या. रात्री उशिरा पोचून परक्या टॅक्सीत बसणं टाळाच. गेस्टहाऊसवाल्यांना आधी कळवून गाडी बोलवा.

गाडी डाव्या बाजूनेच चालते, स्टिअरिंग उजवीकडे. बाबांना बरं वाटेल. तुम्ही मात्र न्यू जर्सीच्या सवयीने पहिल्या चौकात घोळ घालाल. मी सुचवेन की गाडी स्वतः न चालवता दिवसभरासाठी ड्रायव्हर ठरवा. अधिकृत टॅक्सींच्या नंबरप्लेटवर पहिलं अक्षर एच असतं. पी असलेली खाजगी गाडी "टॅक्सी" म्हणून थांबली तर तिला तिथे पीएच म्हणतात. लोक सर्रास बसतात, तुम्ही बसू नका. मॅक्सी टॅक्सी म्हणजे आपली वडाप, फक्त रंगाने ओळखायची : पोर्ट ऑफ स्पेनची पिवळ्या पट्ट्याची, पूर्वेकडची लाल, चग्वानास-सॅन फर्नांडोची हिरवी, टोबॅगोची निळी. दिवसाउजेडी एकदा तरी बसा, आत वाजणारं संगीत ऐकून काकूंचे कान बसतील एवढीच अडचण.

सुरक्षिततेचं गोड बोलत नाही. टोळ्यांच्या हाणामाऱ्या, खून, खंडणी हे तिथलं वास्तव आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने आणीबाणी लावली, ती एप्रिलमध्ये उठली आणि जुलै २०२५ मध्ये पुन्हा लागली. संचारबंदी नव्हती, पण पोलिसांना वॉरंटशिवाय झडतीचे अधिकार होते. बुकिंग करण्याच्या दिवशी आणि निघण्याच्या आदल्या दिवशी ताज्या सूचना वाचा. शहरात लावेंटिल, बीटम, सी लॉट्स इकडे जायचंच नाही. क्वीन्स पार्क सव्हाना हे शहरातलं मोठं मैदान अंधार पडल्यावर ओलांडायचं नाही. गळ्यात सोनं नको, काकूंना म्हणावं मंगळसूत्र पोतीचं घाला. बाकी साडेतीन वर्षांत माझ्या अंगावर कुणी आलं नाही, पण मी रात्री आठनंतर पायी फिरलोच नाही.

आणि हो, मिलिटरी छापाचे कपडे बॅगेत असतील तर काढून ठेवा. कॅमोफ्लाज घालणं तिथे बेकायदा आहे, लहान मुलाच्या चड्डीपासून टोपीपर्यंत.

फिरस्ती_ठाणे

लिसासवाला, वाचनखूण साठवली. ती टोपीची माहिती कुठल्याही यूट्यूबरने दिली नव्हती.

आम्ही थेट भारतातून जायचा विचार करतोय, अमेरिकेचा व्हिसा नाही. मार्ग कसा?

लिसासवाला

अमेरिकेतून नुसतं विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो, तो रस्ता बंद. लंडन किंवा ॲमस्टरडॅम बघा. लंडनला एक मेख आहे. मुंबईहून उतरलात हीथ्रोला आणि पुढचं विमान गॅटविकहून असलं तर इमिग्रेशनमधून बाहेर पडून बसने दुसऱ्या विमानतळावर जावं लागतं, म्हणजे ब्रिटनचा व्हिसा आलाच. स्वस्त तिकीट दिसलं की आधी ते कुठल्या विमानतळांचं आहे ते बघा. पनामामार्गेही लोक जातात. कुठूनही गेलात तरी दाराशी दार तीस तासांच्या खाली नाही.

डॉ_कडुलिंब

एक महत्त्वाची गोष्ट कुणीच लिहिली नाही. पिवळा ताप.

त्रिनिदाद (टोबॅगो नव्हे) भारताच्या पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत आहे. तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत लस न घेता भारतात उतरलात तर विमानतळावरून थेट विलगीकरणात नेतात, कमाल सहा दिवस. लस घेतल्यावर दाखला दहा दिवसांनी लागू होतो, नंतर जन्मभर चालतो. भारतातून जाणाऱ्यांनी, म्हणजे फिरस्ती तुम्ही, सरकारमान्य केंद्रावरच लस घ्या. गल्लीतल्या दवाखान्याची चिठ्ठी चालत नाही. तिथे तारीख लवकर मिळत नाही, तिकीट काढलंत की त्याच दिवशी नंबर लावा.

केतकी_एडिसन

बाप रे. म्हणजे आई-बाबांना लस द्यावी लागणार? बाबा ७०, आई ६७. बाबांना बीपी आहे.

डॉ_कडुलिंब

नाही, घाई करू नका. ही जिवंत विषाणूची लस आहे आणि साठीनंतर पहिल्यांदा घेताना तिचे गंभीर दुष्परिणाम होण्याची शक्यता वाढते. ती शक्यता लहानच आहे, पण तरुणांपेक्षा जास्त. तुमच्या बाबतीत आई-बाबा मार्चमध्ये त्रिनिदादहून अमेरिकेत परत येणार आणि मेमध्ये भारतात जाणार. मधे सहा दिवसांपेक्षा कितीतरी जास्त अंतर आहे, त्यामुळे भारतातला नियम लागू होत नाही. अमेरिकेहून त्रिनिदादला शिरतानाही दाखला मागत नाहीत. राहिला प्रश्न प्रत्यक्ष धोक्याचा. लस घ्यावी असं सांगतात ते त्रिनिदादच्या दाट जंगलात जाणाऱ्यांना. शहर, मंदिरं, किनारा एवढंच करणार असाल तर डासांचं मलम, पूर्ण बाह्या आणि तुमच्या डॉक्टरांशी एकदा बोलणं. डेंग्यूसाठी ते मलम लागणारच आहे.

फक्त पासपोर्टवरचे शिक्के आणि बोर्डिंग पास जपून ठेवा. मेमध्ये कुणी विचारलंच तर तारखा दाखवता येतील.

अण्णा_गिरगाव

केतकीताई, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. क्वीन्स पार्क ओव्हल! ६ मार्च १९७१ ला तिथे सुरू झालेली कसोटी, गावसकरचं पदार्पण, ६५ आणि नाबाद ६७. सरदेसाईचं शतक. दुर्राणीने सोबर्स आणि लॉइड लागोपाठ उडवले. वाडेकर कॅप्टन. वेस्ट इंडीजविरुद्ध आपला पहिला विजय तोच. मग एप्रिलमध्ये शेवटची कसोटी पुन्हा त्याच मैदानावर, दाढदुखी घेऊन १२४ आणि २२०. चार कसोटींत ७७४. तिथल्या लोकांनी त्याच्यावर कॅलिप्सो (तिथल्या ढंगाचं गाणं) रचलं. आणि १९७६ ला तिथेच चौथ्या डावात ४०३ चा पाठलाग, गावसकर १०२, विश्वनाथ ११२.

मी स्वतः २००७ ला गेलो होतो, वर्ल्ड कपला. आम्ही चौघे. १७ मार्चला बांगलादेशकडून हरलो, २३ ला श्रीलंकेकडून. पुढची तिकिटं भारत-पाकिस्तान होणार असं धरून काढलेली, १५ एप्रिल, बार्बाडोस. ती मॅच झाली बांगलादेश विरुद्ध आयर्लंड. मी बघितली. पैसे भरलेले होते.

एक प्रश्न. त्या वेळच्या शंभर त्रिनिदादी डॉलरच्या तीन नोटा माझ्या कपाटात पडून आहेत. केतकीताई, तुमच्याबरोबर पाठवल्या तर चालतील का?

लिसासवाला

अण्णा, वाईट बातमी. डिसेंबर २०१९ मध्ये त्यांची नोटबंदी झाली. शंभराची जुनी कागदी नोट काही आठवड्यांत बाद, तिच्या जागी प्लास्टिकची आली. मी रांगेत उभा होतो, दोन्ही देशांची नोटबंदी अनुभवलेला माणूस म्हणून माझा सत्कार व्हायला हवा. फ्रेम करून लावा.

पैशांचा विषय निघालाच आहे तर. एका अमेरिकन डॉलरला पावणेसात टीटीच्या (तिथल्या डॉलरच्या) आसपास मिळतात. तिथे परकीय चलनाची टंचाई आहे, त्यामुळे टीटी घेणं सोपं, उरलेले टीटी परत डॉलरमध्ये करून घेणं महाकठीण. थोडे थोडे बदला. हॉटेलचे दर विचारताना कर आणि सर्व्हिस चार्ज धरून विचारा, नाहीतर बिलावर वीसएक टक्के वर चढलेले दिसतात. प्लग अमेरिकेसारखेच, अडॅप्टर लागणार नाही.

तर्रीबाज

जेवणाचं कुणी बोलेल का? माणूस फिरायला जातो कशासाठी?

लिसासवाला

त्याच्यासाठी वेगळा प्रतिसाद राखून ठेवला होता.

काकूंची चैन आहे. अख्ख्या कॅरिबियनमध्ये शाकाहारी माणसाने जावं असं ठिकाण हेच. ३० मे १८४५ ला फतेल रझाक नावाचं जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशे माणसं घेऊन आलं आणि १९१७ पर्यंत जवळपास दीड लाख माणसं उसाच्या मळ्यांवर करारावर आली. बहुतेक भोजपुरी मुलखातली. त्यांनी बरोबर आणलेलं जेवण आता सगळ्या देशाचं झालंय. पोलीस असो, आफ्रिकन वंशाचा बँक मॅनेजर असो, सकाळी सात वाजता गाडीजवळ उभा राहून डबल्स खातो. हळद घातलेल्या कणकेसारख्या मऊ मैद्याचे दोन तळलेले बारे, त्यात पातळसर छोले, वर काकडी, चिंचेची चटणी, कुचेला म्हणजे किसलेल्या कैरीचं लोणचं. पाच ते आठ टीटीला एक. कागदात गुंडाळून देतात आणि खाताना हात बरबटतातच, ती कला आहे. क्युरेपला खा, दक्षिणेत देबेला तर रस्त्याच्या कडेला सगळी रांगच लागलेली असते. तिथे सहीना खा, ती आपल्या अळूवडीची धाकटी बहीण.

दालपुरी म्हणजे मिठाची पुरणपोळी समजा, जिरं घातलेलं डाळीचं पुरण. बस-अप-शट म्हणजे तव्यावरच फाडून टाकलेला पराठा, फाटक्या शर्टासारखा दिसतो म्हणून "बस्ट-अप शर्ट". भाजी मागताना आलू, चना, बैगन, भाजी (हे अळूच्या पानांचं), बोडी (चवळीच्या शेंगा) हेच शब्द वापरा. जिऱ्याला गीरा म्हणतात. अंबाड्याचा एक मोठा भाऊ असतो, पोमसिते, त्याचं लोणचं मिळालं तर सोडू नका.

सावध कुठे राहायचं : कलालू हे अळू-भेंडीचं आटवण दिसायला शाकाहारी, पण त्यात खेकडा किंवा डुकराचं खारवलेलं शेपूट असू शकतं. मॅकरोनी पायमध्ये अंडं असतं. मराकस किनाऱ्यावर बेक (तळलेला पाव) ज्या तेलात तळतात त्यात शार्कही तळलेला असतो. विचारायला लाजू नका, "नो मीट, नो फिश, नो एग, आय फास्टिंग" म्हटलं की त्यांना लगेच कळतं. निम्म्या घरांत पूजेआधी कुणीतरी पाळतंच.

तिखटाचं : डबल्सवाला विचारेल "पेपर?" म्हणजे मिरची. उत्तर "स्लाइट". एवढंच. स्लाइट.

तर्रीबाज

कोल्हापूरकरांना स्लाइट? काय थट्टा आहे का राव.

लिसासवाला

मोरुगा स्कॉर्पियन ही मिरची तिथलीच. २०१२ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या संस्थेने तिला जगातली सर्वांत तिखट ठरवलं होतं. माझ्याबरोबर एक इचलकरंजीचा फिटर होता. "हेवी" म्हणाला. त्या दिवशी त्याची शिफ्ट मी केली.

रानवेडा

हसून हसून पुरेवाट.

पक्ष्यांसाठी दोन ओळी. करोनी दलदलीची संध्याकाळची बोट चुकवू नका, दुपारी साडेतीन-चारला सुटते. खारफुटीतून जाताना फांदीवर वेटोळं घालून बसलेला बोआ दाखवतात. मग बोट एका जागी थांबते आणि सूर्य कलला की लालभडक शराटी थव्याथव्याने बेटावरच्या झाडांवर उतरतात. स्कार्लेट आयबिस, त्यांचा राष्ट्रीय पक्षी. खेकडे-कोळंबीतल्या रंगद्रव्यामुळे तो लाल, पिल्लं करड्या रंगाची. बोटीत बसायला सोपं, गुडघ्यांना त्रास नाही, फक्त शौचालयाला आधी जाऊन घ्या. दुर्बीण न्या, पक्षी लांब असतात, मोबाईलवर फोटो म्हणजे हिरव्यावर लाल ठिपके.

मार्च म्हणजे चामडी पाठीच्या कासवांच्या अंडी घालण्याच्या हंगामाची सुरुवात. मतुरा आणि ग्रँड रिव्हिएर या किनाऱ्यांवर १ मार्च ते ३१ ऑगस्ट परवान्याशिवाय जाता येत नाही, परवाना आणि वाटाड्या तिथल्या गावकऱ्यांकडूनच घ्यायचा. पण रात्रभर वाळूत बसावं लागतं आणि रस्ता वळणावळणाचा. सत्तरीच्या माणसांना मी नेणार नाही. तुम्ही एकट्या परत जाल तेव्हा मे-जूनमध्ये जा.

बोरूबहाद्दर

टोबॅगोचं काय मग? निळं पाणी निळं पाणी म्हणत होतात.

लिसासवाला

टोबॅगोला तीन रात्री द्याच. विमानाने वीस-पंचवीस मिनिटं, फेरीने साडेतीन-चार तास. फेरी खूप स्वस्त, पण बोकासच्या सामुद्रधुन्या पार करून उघड्या समुद्रात आली की हलते, काकूंना गाडी लागत असेल तर विमानच. विमानतळ क्राउन पॉईंटला, तिथून स्टोअर बे किनारा चालत पाच मिनिटं. काचेच्या तळाच्या बोटीतून बुकू रीफ आणि मग नायलॉन पूल : भर समुद्रात कमरेएवढं पाणी, खाली पांढरी वाळू. बोटीची शिडी उतरावी लागते, पण बोटवाले हात धरतात. एक दिवस गाडी करून मेन रिज जंगलाच्या रस्त्याने शार्लटव्हिलपर्यंत. हे जंगल १७७६ पासून कायद्याने राखलेलं आहे, पाऊस टिकावा म्हणून. पश्चिम गोलार्धातलं सगळ्यांत जुनं राखीव जंगल हेच. गाडीतूनही छान दिसतं.

बुकूला रविवारी रात्री "संडे स्कूल" असतं असं कुणी सांगितलं तर काकूंना प्रवचन वाटेल. ती रस्त्यावरची दारू-नाचाची पार्टी आहे.

केतकी_एडिसन

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. तिकिटं काढली. कार्निव्हल संपल्यानंतरचं बघून काढली, हॉटेलचे दर धाडकन खाली येतात. दत्तमंदिराचं कुणी सांगेल का? आई रोज विचारते.

लिसासवाला

चग्वानासच्या दक्षिणेला करापिचैमा गाव. श्री दत्तात्रेय योग केंद्र, मैसूरच्या गणपती सच्चिदानंद स्वामींचं. आत दत्तमूर्ती, बाहेर ८५ फुटी मारुती, २००३ सालचा. बांधणी दाक्षिणात्य, त्यामुळे काकूंना गाणगापूर-वाडीची आठवण येणार नाही, पण मूर्ती तीच. चप्पल बाहेर काढायची, दुपारी फरशी तापते, मोजे घालून प्रदक्षिणा.

तिथून गाडीने थोड्याच अंतरावर वॉटरलूचं समुद्रातलं देऊळ. ते खरं बघण्यासारखं. शिवदास साधू नावाच्या ऊसमजुराने १९४७ मध्ये किनाऱ्यावर देऊळ बांधलं. जमीन साखर कंपनीची निघाली, १९५२ मध्ये देऊळ पाडलं, त्याला चौदा दिवस तुरुंगात टाकलं. "जमीन तुमची तर समुद्र कुणाचाच नाही" असा हिशोब करून तो सायकलवरून दगड-सिमेंट वाहत भरती-ओहोटी सांभाळत समुद्रात भराव घालत राहिला, वर्षानुवर्षं. तो गेला १९७० मध्ये, सरकारने १९९५ मध्ये नीट बांधून दिलं. आता चालत जाता येतं, सपाट रस्ता आहे. शेजारीच स्मशान आहे, धूर दिसला तर दचकू नका. सकाळीच जा.

केतकी_एडिसन

परत आलो. उशीर झाला लिहायला, आई-बाबांना विमानात बसवल्यावर वेळ मिळाला. (डॉक्टर, मुंबईत कुणी एक शब्द विचारला नाही. शिक्क्यांच्या झेरॉक्स मी उगाच तीन प्रती दिल्या होत्या.)

ओव्हलला पहिल्या दिवशी गेटवरूनच परत पाठवलं, आत काहीतरी काम चालू होतं, सोमवारी या म्हणाले. सोमवारी गेलो तर दहा मिनिटं आत सोडलं. बाबांनी सुरक्षारक्षकाला विचारलं, गावसकर २२० ला कुठल्या टोकाकडे खेळत होता. तो बिचारा पंचविशीचा. म्हणाला, "अंकल, आय डोन्ट नो, बट लारा गॉट ए स्टॅच्यू." बाबा स्टँडमध्ये बसले, डोंगराकडे बघत. मला वाटलं भावुक झालेत. म्हणाले, "सीमारेषा छोटी आहे गं एका बाजूची."

आई गुरुवारी दत्ताला गेली, मुद्दाम वार धरून. तिथे एक बाई फुलं निवडत होत्या, आईपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. हिंदी येत नाही, मराठीचा प्रश्नच नाही. त्यांची नात धावत आली आणि त्यांना "आजी" म्हणाली. आई एकदम माझ्याकडे बघायला लागली. ड्रायव्हरने सांगितलं, वडिलांकडचे आजा-आजी, आईकडचे नाना-नानी, इथे असंच म्हणतात. मग दोन आज्या तासभर बसल्या. काय बोलल्या मला माहीत नाही, आई मराठीत बोलत होती आणि त्या त्यांच्या इंग्रजीत. निघताना त्यांनी अंगणातली जास्वंद तोडून दिली. रस्त्याने घराघरांपुढे बांबूवर रंगीत झेंडे दिसत होते, पूजा झाली की लावतात, झंडी. आईने मोजायला सुरुवात केली आणि चाळीसनंतर सोडून दिलं.

जे फसलं तेही लिहिते. टोबॅगोच्या गेस्टहाऊसच्या जाहिरातीत "समुद्राजवळ" होतं. समुद्र होता, पण ऐंशी पायऱ्या खाली. बाबा तीन दिवसांत एकदाच उतरले. गुडघे असतील तर पायऱ्या किती हे फोन करून विचारा. पोर्ट ऑफ स्पेनला ठरवलेला ड्रायव्हर पहिल्या दिवशी दीड तास उशिरा आला आणि "जस्ट नाऊ" म्हणत राहिला. नंतर कळलं, तिथे "जस्ट नाऊ" म्हणजे आपलं "हे काय, निघालोच". करोनीला त्यामुळे शेवटच्या बोटीत जेमतेम जागा मिळाली. पिच लेक, म्हणजे डांबराचं तळं, राहूनच गेला, ला ब्रिया एवढ्या लांब आहे हे नकाशावर कळलं नाही. आणि नायलॉन पूलला बाबा उतरले आणि वर यायला तयारच होईनात, बोटवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला.

तर्रीबाज

सगळं वाचलं. सॉस आणला का नाही ते लिहा.

केतकी_एडिसन

आणला की. मोठी बाटली, पिवळी, स्कॉच बॉनेटची. चेक-इन बॅगेत, बाबांच्या स्वेटरमध्ये गुंडाळून. फुटली. स्वेटर दोनदा धुतला तरी बाबांनी घातला की अजून शिंकतात.